जावयाने बॉनेट उघडलं तो अधिक महिना

यंदा पुन्हा अधिक ज्येष्ठ आला. आठ वर्षांपूर्वी आला होता, त्यानंतर थेट आत्ता. मध्ये दोन अधिक महिने येऊन गेले, एक आश्विनाला चिकटून, एक श्रावणाला. पण ते माझ्या लक्षातसुद्धा राहिले नाहीत. माझ्या लेखी अधिक महिना म्हणजे भर उन्हाळ्यातला. काल आईने अनारशांचं पीठ भिजवायला घेतलं आणि गुळाचा वास घरभर झाला, तेव्हा मला त्या वासामागून दुसरा एक वास यायला लागला, जुन्या ग्रीसचा. तूप, गूळ आणि ग्रीस. हे तिन्ही वास कुणाच्या डोक्यात एकत्र राहत असतील असं वाटत नाही, पण माझ्या राहतात.

आमच्या देवासच्या गल्लीत आता अकरा घरांना एसी आहे. मी मोजलेत. असल्या गोष्टी मोजायची मला खोड आहे. दुपारी गच्चीच्या दारात उभं राहिलं की अकरा पेट्या आपापल्या घरातली गरमी गल्लीत ओतताना ऐकू येतात. माळव्यातल्या रात्री किती गार असतात हे इथला प्रत्येक माणूस पाहुण्याला असं सांगतो, जणू ती सोय त्यानेच केली आहे. आमचे शेजारी तर एसी लावून, खिडक्या बंद करून आत बसतात आणि मला फोनवर विचारतात, “क्या बताऊँ दीदी, मालवा की रात तो मालवा की रात, है ना?” मी हो म्हणते. वाद कशाला घालायचा!

बाबा मूळचे भुसावळकडचे. देवासला कारखाने उभे राहायला लागले तेव्हा नोकरीसाठी आले आणि औषधांच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले, तिथल्या थंड खोल्यांची यंत्रं सांभाळायला. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या शर्टाला अमोनियाचा वास यायचा, नाकात झिणझिण्या आणणारा. मला तो आवडायचा. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांना विचारलं होतं, “बाबा, तुम्ही थंडी कशापासून करता?” ते हसले. म्हणाले, “थंडी कुणी करत नसतं गं. आतली गरमी उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची. हमाली आहे नुसती.” मी विचारलं, “मग बाहेरच्यांचं काय?” ते म्हणाले, “बाहेरचे ओरडतात.”

पुढे मी हिंदी शाळेत विज्ञानाची शिक्षिका झाले. पंधरा वर्षं मुलांच्या तळहातावर स्पिरिटचा थेंब टाकून ‘वाष्पन’ शिकवत आले, थेंब उडून जाताना हात का गार पडतो ते फळ्यावर लिहीत आले, आणि हेच बाबांचं काम आहे हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गल्लीत कुणाचा फ्रीज बिघडला की लोक सरळ आमच्या दारात यायचे. “वसंत भिया, जरा देख लो, बर्फच जमत नाहीये.” बाबा चहा तसाच टाकून पाने घेऊन निघायचे. या गल्लीत त्यांच्याइतकी विचारपूस दुसऱ्या कुणाची नव्हती.

धारला मात्र त्यांना कुणी कधी काही काम सांगितलं नाही.

धार म्हणजे आईचं माहेर. तिचे पणजोबा दरबारात दफ्तर सांभाळायचे. दरबार गेला, दफ्तर गेलं, पण बोलण्यातली अदब तेवढी मागे राहिली. माझे नानामामा एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, साध्या सिमेंटच्या बंगल्यात राहणारे, पण फोनवर “आपण निघालात केव्हा? प्रवासात तसदी नाही ना झाली?” असं विचारायचे. आम्ही देवासहून इंदूरला बस बदलून, घामाने भिजून पोचायचो आणि फाटकातच मामा बाबांच्या हातातली पिशवी काढून घ्यायचे. “जावईबापू, आपण बसावं.” व्हरांड्यात एक वेताची खुर्ची होती, तिच्यावर खास धुतलेला टॉवेल घातलेला असायचा. बाबा तिच्यावर बसायचे ते निघेपर्यंत. दिवाळीत माळा लावायच्या असोत, मामांच्या पोरींच्या लग्नात मांडव असो, बाबा खुर्चीत. देवासला दोन मिनिटं स्वस्थ न बसणारा माणूस धारला आला की आजारी असल्यासारखा वाटायचा.

आणि पोर्चमध्ये गाडी. तिचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की लोक मला जुन्या गाड्यांच्या गॅरेजचे पत्ते पाठवतात. साय-रंगाची, लांबलचक, बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. आजोबांनी इंदूरच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली होती आणि मागाहून तिच्यात एसी बसवून घेतला होता. डॅशबोर्डखाली टांगलेली काळी पेटी, तिला दोन गोल झरोके. लहानपणी अधिकात नर्मदेच्या स्नानाला धरमपुरीला जायचो तेव्हा मी पुढच्या सीटवर मामांच्या आणि बाबांच्या मध्ये बसून त्या झरोक्याला गाल लावायची. घाट उतरला की निमाडची हवा भट्टीसारखी अंगावर यायची, आणि माझा एक गाल गार. दोन गालांवर दोन ऋतू कसे, हा माझा त्या वेळचा मोठा प्रश्न होता.

मी सात वर्षांची असताना तो एसी बंद पडला. घाटातच पडला. मामांनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, आणि बाबा नेहमीच्या सवयीने बाह्या सरसावून पुढे झाले. मामांनी घाईघाईने त्यांचा हात धरला. “अहो, आपण नको. हात खराब होतील.” बाबांनी हात मागे घेतला आणि खिशात घातला. धरमपुरीपर्यंत आम्ही ओले पंचे डोक्यावर घेऊन गेलो. परत देवासला आल्यावर बाबा आईला म्हणाले ते मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं. “तुझ्या भावाला माझ्या हातांची लाज वाटते.” आई म्हणाली, “मान देतात हो ते. जावयाला कुणी काम सांगतं का?”

त्यानंतर अठ्ठावीस वर्षं तो एसी बंद होता. घरचा जावई थंड यंत्रांचा फिटर, आणि घरची गाडी गरम. मामांनी दोन-तीन मेकॅनिक आणून पाहिले, कुणी म्हणालं कंप्रेसर गेला, कुणी म्हणालं हा गॅसच आता मिळत नाही. बाबा वेताच्या खुर्चीत बसून ते ऐकायचे. मामा सांगणार नाहीत, कारण जावयाला काम सांगणं म्हणजे त्याचा अपमान. बाबा विचारणार नाहीत, कारण त्यांना वाटायचं त्या घरी त्यांचं काम हलकं समजतात. दोघांचं एकमेकांबद्दल वाईट मत नव्हतं, तरी अठ्ठावीस उन्हाळे असे गेले. आता विचार केला की मला हसू येतं आणि रागही येतो. विशेषतः स्वतःचा, जगाला प्रश्न विचारत सुटलेली मी, या दोघांना मात्र कधी काही विचारलं नाही.

आठ वर्षांपूर्वीच्या त्या अधिकात मामींचा फोन आला. वाणाला या, आणि गाडीला शेवटचं बघून जा. मामा शहात्तर वर्षांचे झाले होते, गाडी चालवणं आता फारसं होत नव्हतं. इंदूरचा एक हौशी माणूस जुन्या गाड्या जमवायचा, तो ती घेणार होता. अधिकात असले व्यवहार करत नाहीत, म्हणून महिना संपला की निज ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात येऊन नेणार होता. म्हणजे गाडी फक्त अधिक महिनाभर धारला होती. बाबांनी हे ऐकलं आणि माळ्यावरून पान्यांची पिशवी खाली काढली. आई बघत राहिली. “तिथे हे कशाला?” बाबा म्हणाले, “एकदा. एकदा तरी मला त्या घरात खुर्चीतून उठायचंय.” बाबा तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांच्या आवाजात असं काही मी आधी ऐकलं नव्हतं.

वाणाच्या दिवशी मामींनी तेहेतीस अनारसे ताटात रचले, त्यावर तुपाचा दिवा ठेवला. बाबा पाटावर बसले. मामींनी ओवाळलं. मामांनी धोतरजोडी पुढे केली. बाबांनी हात पुढे केले नाहीत.

“नानासाहेब, यंदा हे नको. मी दुसरं मागू?”

“मागा की. आपला अधिकारच आहे.”

“गाडीचा एसी मला दुरुस्त करू द्या.”

मामांना आधी कळलंच नाही. मग त्यांचा चेहरा कसनुसा झाला. “हे भलतंच काय? मी रफीकला बोलावतो उद्या. आपण कशाला तसदी घेता? लोक म्हणतील वाणाला बोलावलं आणि जावयाला गाडीखाली घातलं.”

“रफीक नको,” बाबा म्हणाले. “मी करणार.”

दिव्याचं तूप वरच्या अनारशावर झिरपत होतं. मी आईकडे पाहिलं, तिने डोळे मिटले होते. तेव्हा मामी बोलल्या. त्या फार बोलत नसत. “अहो, वाण म्हणून मागितलंय. दिव्यासमोर नाही कसं म्हणायचं?”

मामांनी धोतरजोडी खाली ठेवली. “बरं,” म्हणाले. नुसतं बरं.

आई आणि मी शाळेच्या सुट्टीमुळे बाबांबरोबर धारलाच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाबांनी बॉनेट उघडलं. मी जवळ उभी. मामा लांब, खांबापाशी, दुसरीकडे बघत असल्यासारखे. नऊ वाजता पोर्चच्या पुढच्या भागात ऊन आलं आणि बाबांच्या पाठीवर पडलं. मामा आत गेले. मला वाटलं, रागावून गेले. तर ते मोठी काळी छत्री घेऊन आले आणि बाबांच्या डोक्यावर धरून उभे राहिले. जावयाला काम करू देणं भाग पडलं होतं. उन्हात उभं राहू देणं त्यांच्याने होत नव्हतं. शहात्तर वर्षांचे गृहस्थ, पांढराशुभ्र सदरा, हातात छत्री, आणि छत्रीखाली बनियनमधले माझे बाबा बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेले. रस्त्यावरून जाणारे लोक सायकली थांबवून बघत होते. पहिला अर्धा तास मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असणार. मग त्यांना कुतूहल वाटायला लागलं. हे मला फार उशिरा कळलेलं सत्य आहे की चौकशीची खोड मला मामांकडून आली.

“हा गोळा कसला?”

“कंप्रेसर. सगळं यावर.”

“गेलाय म्हणतात ना?”

बाबांनी कंप्रेसरच्या पुलीवर हात ठेवून ती हळूहळू फिरवली, कान लावला, पुन्हा फिरवली. “कोण म्हणतं? जिवंत आहे. रबरं वाळलीत फक्त. गॅस उडून गेला आणि हे बसून राहिलं.”

मामा पुटपुटले, “बसून राहिलं,” आणि त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

त्या आठवड्यात मी जेवढं शिकले तेवढं कॉलेजात शिकले नाही. जुना गॅस आता बंदच झालाय. नवा भरायचा तर त्याला जुनं तेल चालत नाही, म्हणून सगळ्या नळ्या धुऊन आतलं तेल काढावं लागतं, सांध्यांतली रबरी कडी बदलावी लागतात. जुनं तेल आणि नवा गॅस मिसळत नाहीत हे ऐकून मला काहीतरी फार अर्थपूर्ण सुचत होतं, तेवढ्यात बाबा म्हणाले, “बाजूला हो, उजेड अडतोय.” ओलावा शोषून घेणारी एक बाटली असते, ती आणायला मी इंदूरला जाऊन तीन दुकानं पालथी घातली. पाण्याचा एक थेंब आत राहिला तरी तो बारीक भोकात गोठून बसतो आणि सगळं अडतं, हे मी दुकानदारालाच समजावून सांगत होते. तो म्हणाला, “मैडम, आप मैकेनिक हो क्या?” मी म्हटलं, “मैकेनिक की बेटी हूँ.” हे वाक्य मी त्याआधी कधी उच्चारलं नव्हतं.

डॅशबोर्डखालची काळी पेटी उघडली तर आत उंदराचं घर. काथ्या, सोयाबीनची टरफलं, कागदाचे कपटे आणि मधोमध निळ्या महेश्वरी साडीचा काठ. मामी धावत आल्या. “अगं बाई, हा तर माझा! मोलकरणीवर आळ घेतला होता हो मी!” त्या तो काठ हातात घेऊन कितीतरी वेळ पायरीवर बसल्या. त्या मोलकरणीला आता कुठे शोधायचं हे त्यांना कळत नव्हतं.

तोवर मामा पाने द्यायला लागले होते. बाबा हात मागे करायचे, म्हणायचे, “दहा-अकरा,” आणि मामा पिशवीत चाचपून त्या मापाचा पाना त्यांच्या तळव्यावर ठेवायचे. पण बोलणं अजून “आपण” आणि “जावईबापू”च. पाना देतानासुद्धा “हा घ्यावा.”

पाचव्या दिवशी रफीकभिया आले. त्यांचं धारलाच एसीचं दुकान. बाबांनी फक्त त्यांचा पंप आणि सिलिंडर मागितला होता. त्यांनी गाडीला चक्कर मारली. “अंकल जी, ये तो अजायबघर का माल है. चल जाए तो मैं मिठाई बाँटूँ.” पंपाने आतली सगळी हवा काढून घेतात आणि घड्याळासारख्या एका तबकडीवरचा काटा बघत बसतात. काटा अर्धा तास हलला नाही, तर कुठे गळती नाही. मामा मनगटावरचं घड्याळ बघून मिनिटं सांगत होते. दहा मिनिटं. काटा स्थिर. पंधरा. मग तो हलला. इतका कमी की मला वाटलं माझीच नजर हलली. वीस मिनिटांनी तो उघड उघड सरकत होता.

रफीकभिया मान हलवत दुकानात गेले. बाबा पोर्चच्या पायरीवर बसले. काळे झालेले हात गुडघ्यांवर, तळवे वर. आयुष्यभर त्यांनी हजार यंत्रं दुरुस्त केली असतील, त्यातली कितीतरी पहिल्या फटक्यात झाली नसतील, पण तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला नव्हता. महिना संपायला चार दिवस होते. मला रडू यायला लागलं म्हणून मी गाडीच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. तिथून मला दोघं दिसत होते, त्यांना मी दिसत नव्हते.

मामा छत्री मिटून त्यांच्या शेजारी बसले. पायरीवर. मी त्यांना जमिनीच्या इतक्या जवळ कधी पाहिलं नव्हतं.

बाबा समोर बघत म्हणाले, “तुम्हाला माझ्या कामाची लाज वाटायची ना, नानासाहेब?”

मामांनी मिटलेली छत्री बाजूला ठेवली. “पहिली दहा वर्षं वाटायची,” ते म्हणाले. “खोटं कशाला बोलू? कुणी विचारलं तर मी सांगायचो, जावई कंपनीत आहेत. पुढे काही सांगत नसे. नंतर लाज गेली. पण तोवर आपल्याला खुर्चीत बसवायची सवय झाली होती. आणि मला वाटायचं, आपल्यालाही ते आवडतं.”

“मला?” बाबा म्हणाले. “त्या खुर्चीत पाठ अवघडून जायची माझी.”

मामांना हसू आलं, आणि ते लगेच थांबलं. हे लिहितानासुद्धा मला ती जागा दिसते, ते हसू थांबलं ती. नानामामा आता नाहीत. दोन वर्षांपूर्वी गेले. पुष्कळ माणसं मरेपर्यंत खरं बोलत नाहीत, ते बोलले, तेही पायरीवर बसून, एका गळक्या नळीमुळे. मला त्या नळीचे उपकार वाटतात.

मग मामा उठले आणि आत गेले. बाबांना वाटलं, विषय संपला. मामा परत आले ते वाडग्यात रिठ्याचा फेस घेऊन. मामींनी रेशमी साड्या धुवायला केलेला. “आपणच म्हणाला होतात ना परवा, फेस लावला की गळती बुडबुडे काढते म्हणून?” बाबांनी पुन्हा रफीकभियांना बोलावलं, नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरून घेतला, आणि बाबा-मामा दोघं जण प्रत्येक सांध्यावर बोटाने फेस लावत सुटले. बाबांना चष्म्यातूनही नीट दिसेना. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा लख्ख दिसत होतं आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. डॅशबोर्डखाली डोकं घालून ते एकदम ओरडले, “तो बघा! तो बघा! फुटला! पुन्हा आला!” एका वळणाच्या नळीवर केसाएवढी चीर होती. ती सापडल्याचा आनंद त्यांना असा झाला की उठताना डोकं आपटलं, तरी हसत होते.

दुसऱ्या दिवशी नळीला डाग देऊन चीर बुजवली, काटा अर्धा तास बसल्या जागी बसला, गॅस भरला. मामांनी गाडी सुरू केली आणि उतरून पुढे आले. इंजिन थडथडत होतं. बाबा पट्ट्याजवळ वाकून कंप्रेसरचा क्लच धरतोय का ते बघत होते. घाम पुसायला मामींनी दिलेला पंचा त्यांच्या गळ्यात होता. ते आणखी खाली वाकले आणि पंच्याचं टोक सुटून फिरत्या पट्ट्याच्या दिशेने लोंबायला लागलं. मला दिसलं, मी नुसता हात पुढे केला.

“वसंता, मागं हो! गळ्यातलं काढ ते, गाढवा!”

मामांनी बाबांचा दंड धरून त्यांना मागे खेचलं. पंचा पट्ट्यात गेला, गरगरला, चिंध्या होऊन बाहेर पडला. इंजिन चालूच होतं. आई दारात उभी होती, तिने तोंडावर पदर धरला होता. त्या घरात बाबांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. छत्तीस वर्षांत तिथे कुणी त्यांना नावाने हाक मारली नव्हती, आणि गाढव तर देवासलाही कुणी म्हटलं नव्हतं. मामांच्या ते लक्षात आलं तसा त्यांचा चेहरा उतरला. ते माफी मागायला लागणार तेवढ्यात बाबा म्हणाले, “झालो मागं, नाना.” साहेब त्यांनी गाळलं. मी बाबांना रडताना एकदाच पाहिलंय. इंजिनाच्या आवाजात ते फारसं ऐकू आलं नाही.

एसी चालला. चांगलाच चालला. आम्ही पाचही जण गाडीत बसून जवळच्या तिरला गावापर्यंत जाऊन आलो, काचा वर करून. मामा स्वतः चालवायला बसले, बाबांना शेजारी पुढे बसवलं, मी मागे आई आणि मामींच्या मध्ये. बाहेर शेतं नांगरून पडलेली, धुळीचे लोट उठत होते, आणि आत आमच्या हातांवर काटा आला होता. मी हात पुढे करून झरोक्याजवळ धरला, पुन्हा काढला, पुन्हा धरला. इतकी वर्षं शिकवूनही मला ते खरं वाटत नव्हतं. मामी म्हणाल्या, थोडं कमी करा, गारठले मी. तेव्हा मामांनी आरशातून त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू एवढी कौतुकाची तक्रार त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. पुढल्या आठवड्यात तो इंदूरचा हौशी माणूस आला आणि ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन गेला. ती आता कुठे आहे मला माहीत नाही. कुणी विचारत नाही, मीही नाही.

तिरल्याहून परत आलो तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती. मामी तडक स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही व्हरांड्यात चपला काढत होतो. बाबा बागेतल्या नळावर साबणाने हात घासत होते. नखांतलं काळं जात नव्हतं. आतून भांड्यांचा आवाज आला आणि मागून मामींचा, घाईतला, “वसंतराव, ताटं घ्या हो मांडायला. आमटी उतरवतेय मी.”

मी सवयीने उठले. आईने माझा दंड धरून मला खाली बसवलं.

बाबा ओले हात पायजम्याला पुसत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याशी थबकले. छत्तीस वर्षं त्या घरचे जावई होते ते.

“वहिनी,” त्यांनी विचारलं, “ताटं कुठं असतात आपली?”